घोड्याच्या रक्तातली उसनवारी

बसा रे पोरांनो, कंदील जरा इकडं ओढा. आपल्या मंठाळच्या शिवारात तूर कमरेच्या वर गेली, की माणसं काठी आपटत चालतात, कारण खाली वाळल्या पाल्यात घोणस पडली असली तर ती डोळ्याला दिसतच नाही, अन् ती फुसकारायच्या आधीच पाय पडला म्हणजे झालंच. असंच एका गड्याला ती डसली. पोरांनी त्याला फटफटीवर मधे बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, मंत्र घालणाऱ्याकडं नेलं नाही, म्हणून तर तो आज चालतो-फिरतो. डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतलं अन् वीस मिनिटं तिला हातच लावला नाही. चांगल्या माणसाचं रक्त तेवढ्यात गोठून बसतं. ह्याची नळी कलती केली, तर रक्त घळाघळा वाहिलं, कारण घोणशीचं विष रक्त गोठवणारी द्रव्यंच संपवून टाकतं. मग पांढऱ्या भुकटीचं औषध पाण्यात विरघळवून सलाइनमधनं चढवलं. ती भुकटी आली होती घोड्याच्या रक्तातनं!

आता आश्चर्य ऐका. तुमच्या-माझ्या रक्तात पांढऱ्या पेशींची एक जात आहे, बी-पेशी म्हणतात तिला, आणि तिच्या प्रत्येक पेशीच्या अंगावर वेगळ्याच घडणीचे हात असतात. आईबापाकडनं आलेल्या जनुकांचे तुकडे शरीर इकडचे तिकडं जोडतं, त्यातनं असे अगणित प्रकार निघतात. ही जुळणी सुसुमु तोनेगावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं उलगडली आणि १९८७ साली त्याला नोबेल मिळालं. म्हणजे आपल्या गावात काल जन्मलेल्या लेकराच्या अंगातसुद्धा, त्यानं घोणस कधी बघितलेली नसताना, तिचं विष धरू शकेल अशी एखादी पेशी बसलेली असणार. मला तर ह्या गोष्टीचं अजून नवल वाटतं. विष आलं, की तीच पेशी नेमकी जागी होते, एकीच्या हजारो होतात आणि त्या हातांसारखीच प्रतिद्रव्यं रक्तात सोडतात. ती विषाला चिकटली, की विष निकामी.

पण ह्या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, अन् विष काही तासांत जीव घेतं. अडचण आहे ती एवढ्या वेळाचीच.

हा वेळ दुसऱ्या जनावराकडनं मिळवता येतो, हे १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो ह्यांनी धनुर्वाताच्या विषावर दाखवलं. चारपाच वर्षांत फ्रान्सच्या काल्मेतनं तीच रीत सापाच्या विषाला लावली. घोड्याला सुरुवातीला विषाचा अगदी थोडा अंश टोचतात, मग आठवडे लोटतील तसा वाढवत नेतात. घोडा थोरल्या अंगाचा, तो हे सोसतो आणि त्याचं रक्त प्रतिद्रव्यांनी भरतं. मग त्याचं थोडं रक्त काढायचं, वरचा पिवळसर द्रव ठेवायचा अन् लाल पेशी परत घोड्यालाच द्यायच्या. आपल्या मुलखात परळच्या हाफकिन संस्थेचं नाव ह्या कामात मोठं आहे. १८९९ साली प्लेगच्या लशीसाठी तिथं प्रयोगशाळा मांडली, पुढं सर्पविषावरचं औषधही ती करू लागली. आपल्याकडच्या बाटलीत नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांवरचा उतारा एकत्र असतो, म्हणून साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही, उगीच दुसऱ्यांदा चावून घ्याल.

अजून एक गंमत. माणसाचं शरीर इतकं सावध, की जीव वाचवायला आलेलं घोड्याचं द्रव्यही त्याला परकं वाटतं! कुणाला लगेच खाज सुटते, दम लागतो, म्हणून डॉक्टर अॅड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवूनच औषध चढवतात. कुणाला आठ-दहा दिवसांनी ताप येतो, सांधे दुखतात.

अन् ही प्रतिद्रव्यं म्हणजे पेरणीपुरती मागून आणलेली बैलजोडी. काम झालं की काही आठवड्यांत अंगातनं जातात, ती स्वतः बनवायची सवय शरीराला लागत नाही. घोड्याच्या अंगात मात्र आठवण ठेवणाऱ्या पेशी उरतात, त्याला पुढच्या वेळी विष टोचलं की प्रतिद्रव्यं झपाट्यानं वर येतात. आपल्या त्या गड्याला उद्या पुन्हा घोणस डसली, तर त्याला पुन्हा तितक्याच घाईनं दवाखाना गाठावा लागेल आणि बाटल्याही नव्यानंच चढवाव्या लागतील.