पेन गेलं, पिन आला!

माहीत आहे का, सातबाऱ्यावर तलाठ्याची सही आता शाईविना होते? १ मे २०१८ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. कागलच्या शेतकऱ्यानं घरबसल्या १५ रुपये ऑनलाईन भरले की उतारा मोबाईलवर हजर. शिक्का नाही, हेलपाटा नाही, तरी शंभर टक्के व्हॅलिड!

ही ताकद येते माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधून. १७ ऑक्टोबर २००० पासून तो देशभर लागू आहे. कलम ५ म्हणतं, कायदा जिथे सही मागतो, तिथे ठरवून दिलेल्या पद्धतीची इलेक्ट्रॉनिक सही चालते.

कागलहून दूधगंगा नदी ओलांडली की कोगनोळी, म्हणजे कर्नाटक. तिथे सातबाऱ्याच्या जागी आरटीसी. उतारा बदलतो, पण सहीचा कायदा केंद्राचा. त्याला नाक्यावर कोण अडवणार?

आता रिवाइंड! जुन्या वतनी कागदांवर पाटलाची सही कशी असायची, माहीत आहे का? चक्क नांगराचं चित्र! ‘निशाणी नांगर’. लोगोचा जमाना तेव्हापासूनचा.

आणि मराठेशाहीतल्या पत्रांच्या माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का. मोर्तबाखाली कुणी ओळ घुसडली, तर चोरी उघडी पडायची. डिजिटल सही तेच काम आणखी कडक करते. सॉफ्टवेअर आधी अख्ख्या मजकुराचा एक गणिती ठसा काढतं आणि सही करणाऱ्याच्या गुप्त ‘की’नं तो बंद करतं. नंतर पीडीएफमध्ये ०.४० हेक्टरचं ०.९० केलंत? ठसा जुळत नाही, खेळ खल्लास!

योगायोग बघा, अशा सहीची प्रमाणपत्रं देणाऱ्या भारतातल्या एका परवानाधारक कंपनीचं नाव आहे ‘ईमुद्रा’. मुद्रा कालही, मुद्रा आजही.

जगाची एक चक्कर मारू. अमेरिकेत ई-सहीचा कायदा झाला ३० जून २००० ला. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर स्मार्ट कार्डानं सही केली. पासवर्ड? ‘बडी’. म्हणजे त्यांच्या कुत्र्याचं नाव! तुम्ही असला पासवर्ड ठेवू नका.

युरोपातल्या चिमुकल्या एस्टोनियात ७ ऑक्टोबर २००२ ला टॅलिन आणि तार्तू या शहरांच्या महापौरांनी देशातल्या पहिल्या डिजिटल सह्या एका दस्तऐवजावर केल्या. आज युरोपीय संघात ‘क्वालिफाइड’ दर्जाची ई-सही हातच्या सहीच्या बरोबरीची आहे.

आपली सहीही झटपट. आधारच्या ओटीपीवर होणाऱ्या ‘ई-साइन’चं प्रमाणपत्र फक्त ३० मिनिटं जगतं. एक सही, काम फत्ते, बाय-बाय!

सगळीकडे चालते का? नाही. मृत्युपत्राला पेनच लागतं. ट्रस्ट डीडलाही.

आणि सहीचा फोटो काढून वर्डमध्ये चिकटवला, की झाली डिजिटल सही? अजिबात नाही! तो फक्त फोटो. कुणीही कॉपी करावा, कुठेही पेस्ट करावा. उलट, खरी डिजिटल सही असलेल्या पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं की लोक घाबरतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्या कॉम्प्युटरला सहीच्या प्रमाणपत्राची ओळख अजून पटलेली नाही. राईट क्लिक करा, प्रमाणपत्र कुणाचं ते बघून ट्रस्ट करा, व्हॅलिडेट करा, हिरवी टिक मिळवा. प्रिंटवर ही तपासणी होत नाही, म्हणून मूळ फाईल जपा.

शेवटचा नगेट गावकारभाऱ्यांसाठी. वित्त आयोगाचा निधी खर्चायला सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांचंही डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र असलेलं डोंगल, लागतं. सरपंचताई, सरपंचदादा, तुमचं डोंगल दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये का? त्यावर पिनची चिठ्ठी का? ते स्वतःजवळ ठेवा, पिन फक्त डोक्यात ठेवा. गहाळ झालं तर ज्या संस्थेनं दिलं तिला लगेच कळवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, कळवेपर्यंतची जबाबदारी तुमचीच.