देवळालीकर मास्तरांचे इंदूर

नीराकाठचे होळ हे इंदूरच्या होळकरांचे मूळ गाव. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हे कुणाला सांगावे लागत नाही. मल्हाररावांच्या मागोमाग जी मराठी घराणी माळव्यात जाऊन रुजली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी काय केले याचा नाद मला फार जुना आहे. त्या नादातच मी चित्रकारांपाशी पोचलो, आणि मग तिथून हलवेना.

नारायण श्रीधर बेंद्रे म्हटले की आपल्याला बडोदे आठवते, फार तर मुंबई. पण त्यांचा जन्म इंदूरचा, २१ ऑगस्ट १९१० चा, आणि त्यांचा हात तयार झाला तोही इंदुरातच. तो तयार केला दत्तात्रय दामोदर देवळालीकर या मास्तरांनी. त्यांनी १९२७ मध्ये इंदुरात चित्रकलेची शाळा काढली. बेंद्रे तिथल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. मुंबईच्या कलाशिक्षणाचा इतिहास जे. जे. स्कूलच्या दगडी इमारतीभोवती फिरत राहतो. तिथून इतक्या लांब, संस्थानी गावात, एका मराठी मास्तरने एवढी माणसे घडवली याची नोंद आपण फार कमी घेतली आहे. मला याचा मनापासून राग येतो.

देवळालीकरांचा भर निसर्गाच्या अभ्यासावर. वर्गात पुतळ्यांवरून रेखाटने गिरवण्यापेक्षा पोरांनी उघड्यावर जावे, ऊन कुठून पडते ते पाहावे आणि तिथल्या तिथे रंगवावे. त्या काळी मुंबईत पारदर्शक जलरंगांचा दबदबा होता. सावळाराम हळदणकर, परांडेकर यांचे ओले, तरल निसर्गचित्र हाच आदर्श. इंदूरची मुले वेगळी वाट धरत होती. बेंद्र्यांची त्या दिवसांतली निसर्गचित्रे पाहा: अपारदर्शक रंग, रुंद ब्रश, मोकळे आणि जाड फटकारे. झाडाचे पान न् पान मोजत बसायचे नाही. झाडावर ऊन आहे ना, मग ते ऊन रंगवायचे. माळव्याच्या भगभगीत उजेडाला हीच पद्धत मानवते, असे मला वाटते. इंदूरची मुले परीक्षा द्यायला आणि चित्रे लावायला मात्र मुंबईलाच येत.

याच शाळेत काही काळ आणखी एक मुलगा होता, बेंद्र्यांहून पाच वर्षांनी धाकटा. जन्म पंढरपूरचा, म्हणजे इंदापूरवरून जाणारी तुकोबांची पालखी जिथे टेकते तिथला. नाव मकबूल फिदा हुसेन. हुसेन यांनी पुढे सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. उघड्यावर चित्र काढत असताना त्यांची बेंद्र्यांशी गाठ पडली. ते बेंद्र्यांना घरी घेऊन आले. वडील गिरणीत नोकरीला. मुलगा चित्रकार होणार म्हणजे खाणार काय, हा त्यांचा घोर. बेंद्र्यांनी त्यांना पटवले की या मुलाच्या हातात काही आहे, त्याला अडवू नका. स्वतः बेंद्रे तेव्हा विशीतले. दुसऱ्याच्या पोराची हमी घ्यायला निघालेल्या त्या तरुणात मला पुढचा शिक्षक स्पष्ट दिसतो.

मधली वर्षे भराभर सांगतो. १९३६ ते १९३९ काश्मीरच्या व्हिजिटर्स ब्यूरोत चित्रकार-पत्रकार म्हणून नोकरी, १९४१ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक, १९४५ मध्ये शांतिनिकेतन, १९४८ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन. १९५० मध्ये बडोद्यात नवे ललितकला महाविद्यालय उभे राहिले आणि बेंद्रे तिथे चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. १९५९ मध्ये अधिष्ठाता.

बेंद्र्यांवरचा जुना आक्षेप इथेच उकरून काढायला हवा. ते आज एका शैलीत, उद्या दुसऱ्यात. त्यांना स्वतःची अशी शैली नाही, हात फार सहज चालतो, असे टीकाकार म्हणत आले. १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला ‘काटा’ घनवादाच्या वळणाचा. उतारवयातली चित्रे बारीक ठिपक्यांची. आक्षेप अगदीच खोटा नाही. ठिपक्यांची काही चित्रे मलाही गोडमिट्ट वाटतात. पण बडोद्यात ते मुलांसमोर बसून रंगवत. एखादी शैली समजावून सांगायची तर आधी ती स्वतःच्या हाताखालून जायला हवी, असा त्यांचा खाक्या. चित्रकार म्हणून त्याची किंमत त्यांनी मोजली असेल. शिक्षक म्हणून मिळवले ते विद्यार्थ्यांत बघावे. गुलाममोहम्मद शेख यांची गोष्टी सांगणारी चित्रे, ज्योती भट्ट यांची मुद्राचित्रे आणि खेड्यांतल्या भिंतींची छायाचित्रे, हिम्मत शाह यांची भाजक्या मातीची मस्तके, शांती दवे यांची अमूर्त चित्रे. चौघांपैकी एकाच्याही कामावर बेंद्र्यांचा शिक्का नाही. आपल्या मराठी कलाशाळांत ‘सरांसारखा हात’ हीच शाबासकी असते, म्हणून हे मला फार मोलाचे वाटते.

१९६६ मध्ये बेंद्र्यांनी बडोदे सोडले आणि मुंबईत येऊन ते रंगवत राहिले. १९६९ मध्ये पद्मश्री, १९९२ मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला ते गेले.

देवळालीकरांच्या शाळेतले विष्णू चिंचाळकर मात्र इंदूर सोडून गेले नाहीत. चित्रकार म्हणून नाव मिळाल्यावर त्यांनी नेहमीची चित्रकला बाजूला ठेवली. वाळकी पाने, बिया, फुटकी-टाकाऊ वस्तू यांतून ते आकार शोधू लागले आणि लहान मुलांना तसे पाहायला शिकवू लागले. गाव त्यांना ‘गुरुजी’ म्हणे. बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर: तीन तऱ्हांची ही तीन माणसे ज्यांच्या हाताखालून गेली, त्या देवळालीकरांवर मराठीत भरघोस, सचित्र पुस्तक व्हायला हवे, आणि त्यासाठी इंदूरच्या मराठी घरांतल्या भिंतींवरची चित्रे आधी पाहायला हवीत.