लोणा, चुना आणि वर्ध्याच्या भिंती

भाजलेली वीट वरून कितीही घट्ट दिसली तरी तिच्या अंगात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात, आणि जुन्या इमारतींच्या विटा झिजतात त्या मुख्यतः या छिद्रांत मुरलेल्या पाण्यामुळे. थंड प्रदेशांत हे पाणी गोठते, गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि गोठण्या-वितळण्याचे हे फेरे वर्षानुवर्षे चालू राहिले की विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून पडतो. वर्धा जिल्ह्यात पाणी गोठण्याचा प्रश्न नाही. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तरीही कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या वर्धा, हिंगणघाट, पुलगाव यांसारख्या गावांत जुन्या घरांच्या भिंती जोत्यालगत तशाच पोखरलेल्या आढळतात, कारण बर्फाचे काम येथे क्षार करतात. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात.

जमिनीतील ओल केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर ओढले जाण्याच्या क्रियेने, भिंतीत चढते आणि मातीतील व विटेतील विरघळलेले क्षार सोबत नेते. पाणी उडून जाते, क्षार मात्र पृष्ठभागाखाली स्फटिकरूपाने साचतात. सोडियम सल्फेट हा त्यांतील सर्वांत घातक क्षार होय. कोरड्या अवस्थेतून तो दहा रेणू पाणी धारण करणाऱ्या अवस्थेत गेला की त्याचे आकारमान तिपटीहून अधिक होते, आणि हे रूपांतर साधारण ३२ अंश तापमानाच्या खाली, हवेत दमटपणा असताना घडते. कडक उन्हाळा आणि त्यामागोमाग येणारा पावसाळा यांचा विदर्भातील क्रम या क्रियेला पुरेपूर अनुकूल आहे. त्यात काळ्या मातीची भर पडते: ती पावसाने फुगते, उन्हाने भेगाळते, पाया हलवते आणि भिंतीला तडे देऊन पावसाच्या पाण्याला नवी वाट करून देते.

या झिजेहून मोठे नुकसान चुकीच्या डागडुजीने झाले आहे. जुन्या विटा चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात, आणि ते सांधे विटेपेक्षा मऊ व सच्छिद्र असल्याने ओल सांध्यांतून बाहेर पडते व क्षारांचा मारा सांधाच सोसतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते, ती गिलाव्याच्या आडून आणखी वर चढते, आणि नवा गिलावा काही वर्षांत विटेचा थर घेऊनच खाली येतो. सांधे सिमेंटने भरले असतील तर वीट झिजून जाते आणि सांधेच तेवढे चाळणीच्या जाळीसारखे पुढे उरतात. मसाला विटेपेक्षा कमजोर असावा, हा थंड देशांतील संवर्धकांनी काटेकोरपणे पाळलेला नियम उष्ण प्रदेशालाही जसाच्या तसा लागू पडतो.

खरी दुरुस्ती पाण्यापासून सुरू होते. पन्हळीची गळती थांबवावी लागते, भिंतीलगत साचणाऱ्या पाण्याला उतार द्यावा लागतो आणि जोत्यावर चढलेली माती काढावी लागते. वर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत. धुतल्यास ते विरघळून पुन्हा आत जातात. मग दरजा, म्हणजे दोन विटांमधील सांधे, छिन्नीने हाताने उकरले जातात, कारण यंत्राच्या चकतीने विटेची कड कापली जाते. सांधा त्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळा झाला की त्यातील भुकटी झटकून तो ओलसर करतात आणि त्यात विझवून मुरवलेला चुना, वाळू व सुरखी यांचा मसाला दाबून भरतात. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. तिच्यामुळे चुना ओलीतही घट्ट होतो. नंतर ओल्या गोणपाटाखाली या सांध्यांना कित्येक दिवस जपावे लागते, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून कठीण होतो आणि घाईने सुकला तर भुसभुशीत राहतो.

झीज वरच्या थराने सोसावी आणि गाभा राखला जावा, हे तत्त्व वर्ध्यापासून जवळच असलेल्या सेवाग्राम आश्रमात विटेविनाही पाहावयास मिळते. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात आले. तेथील आदी निवास आणि मीराबहन यांनी उभारलेली बापू कुटी या माती, बांबू व कौलांच्या वास्तू आहेत. मातीच्या भिंतीचे लिंपण पावसाने धुपते आणि पुन्हा केले जाते. धुपते ते लिंपण, मूळ भिंत नव्हे. मीराबहन यांनी भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा मात्र या न्यायाने जपता येत नाहीत, कारण सारवणाचा प्रत्येक नवा हात उठावाची कड थोडी बोथट करतो. म्हणून तेथे सारवण्यापेक्षा भिंत कोरडी ठेवण्याला अधिक महत्त्व येते. मातीच्या बांधकामाची ही जाण केवळ स्मारकापुरती राहिली नाही. देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या, दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती व स्थानिक साहित्याच्या घरांना प्रयोगाचा विषय केले, आणि या जिल्ह्याच्या दृष्टीने त्या कामाचे मोल फार मोठे आहे.

चुन्याच्या कामाला ऋतूचे बंधन असते. थंड देशांत ते हिम सरल्यावर हाती घेतात, कारण ओला चुना गोठला तर फुटतो. वर्ध्यात पावसाळ्याची ओल भिंतीतून उतरल्यावर, दिवाळीनंतर, काम सुरू करून होळीच्या आत आटोपणे श्रेयस्कर ठरते. त्यापुढील उन्हात गोणपाट दिवसातून कितीही वेळा भिजवले तरी सांधा ओला राहत नाही.