दिवसाचा दिवा विझवण्याआधी
भर उन्हात दिवे कशाला, बॅटरी उतरेल, म्हणत काही जण डीआरएलचा, म्हणजे गाडीच्या दिवसा आपोआप लागणाऱ्या पुढच्या दिव्यांचा, फ्यूजच उपटतात. पण एलईडीचे हे दिवे जेमतेम काही वॉट खातात, आणि इंजिन चालू असताना तो भार अल्टरनेटर उचलतो. शिवाय ते आपल्याला दिसावं म्हणून नाहीतच. आपण समोरच्याला दिसावं म्हणून आहेत. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसाही दिवे सक्तीचे केले ते यासाठीच. आपल्याकडे नव्या दुचाकींना २०१७ पासून तोच नियम. फ्यूजसोबत कधी त्याच सर्किटवरचं दुसरंही काही बंद पडतं, ते निराळंच! उभ्या गाडीत दिवे खुपत असतील तर आधी हँडब्रेक ओढून बघावा. काही गाड्यांत तेवढ्याने ते विझतात. खरा आक्षेप वेगळा आहे: पुढे उजेड दिसतो म्हणून पावसात चालक निर्धास्त, आणि मागचे दिवे मात्र बहुधा बंदच. त्यावर उपाय हेडलाइटचं बटण, फ्यूज नव्हे.