कासवाच्या पाठीवरची बॅटरी पुरते कशी?

वेळास, २५ जानेवारी २०२२ : अंडी घालायला आलेल्या ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा पहिलाच प्रयोग. कांदळवन कक्ष आणि भारतीय वन्यजीव संस्था यांचा. २०२३ मध्ये गुहागरहून ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ या माद्या टॅग लावून सोडल्या.

• विजेचा खर्च कुठे : समुद्रात चार्जिंग नाही, सेल बदलणे नाही. सर्वाधिक वीज उपग्रहाला संदेश पाठवताना जाते.

• खाऱ्या पाण्याचा स्विच : टॅगवर धातूची दोन उघडी टोके असतात. ती बुडाली की खाऱ्या पाण्यातून वीज वाहते आणि प्रक्षेपक गप्प राहतो. कासव श्वासासाठी वर आले, टोके हवेत आली, की संदेश सुटतो. खोल पाण्यातून रेडिओ लहरी उपग्रहापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे या बचतीत माहिती बुडत नाही. सगळ्यांत सुंदर युक्ती हीच.

• संदेश : एका सेकंदाहून छोटा. १९७८ पासून चालू असलेली आर्गोस ही उपग्रह यंत्रणा लहरीच्या बदलत्या वारंवारतेवरून (डॉप्लर परिणाम) ठिकाण काढते.

• ड्यूटी सायकल : टॅग ठरावीक तास चालू, बाकी बंद. काटकसर वाढली की नोंदी विरळ.

• सिग्नल थांबला म्हणजे कासव दगावलेच असे नाही. बॅटरी संपते, अँटेना तुटतो, टॅग गळून पडतो.