दारे उतरवता येणारी मोटार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील युटा प्रांतात मोआब नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या तांबड्या खडकांवरून जीपगाड्या हाकण्याचा जो मेळा १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास भरत आला आहे, त्याची छायाचित्रे पाहणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते ते हे, की त्यांतील पुष्कळ गाड्यांना दारेच नसतात. हे दृश्य मोहक आहे यात संशय नाही, आणि चाकाखालचा दगड बसल्या जागेवरून स्पष्ट दिसत असल्यामुळे खडकाळ वाटेवर दारे नसण्याचा खरोखरीच उपयोगही होतो. परंतु या मोहातून असा एक समज बळावला आहे की मोटारीचे दार म्हणजे बिजागरीवर टांगलेला पत्रा, आणि सबब पिन ठोकून काढली, बिजागरीचा एखादा कान ग्राइंडरने उडवला, की कोणत्याही गाडीची दारे मनास येईल तेव्हा काढावीत आणि मनास येईल तेव्हा घालावीत. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय तो जिवावर बेतणारा आहे, आणि म्हणूनच त्याचा खुलासा थोड्या विस्ताराने करणे अगत्याचे वाटते.

पहिली चूक इतिहासाची आहे. १९४१ साली अमेरिकन लष्करासाठी विलीज कंपनीने जी जीप बांधली तिची दारे कोणी काढली नव्हती; तिला ती मुळात दिलेलीच नव्हती, आणि बसणारा बाहेर पडू नये म्हणून दाराच्या जागी एक जाड पट्टा आडवा अडकवीत असत. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्र कंपनीने जोडावयास घेतलेली जीप याच वंशातील; तालुक्याच्या गावी सरकारी कामासाठी फिरतीवर येणारी उघडी जीप ज्यांनी लहानपणी पाहिली असेल त्यांना बिनदाराच्या गाडीचे नवल वाटण्याचे कारण नाही. पुढे १९७६ च्या सीजे-७ या नमुन्याला पोलादी दारे घेण्याची सोय झाली, आणि १९८६ साली आलेल्या रँग्लरने उतरवता येणाऱ्या दारांची प्रथा आजतागायत चालू ठेवली. म्हणजे या कुळात गाडी आधी बिनदाराची झाली आणि दार मागाहून आले. खालची स्वतंत्र चौकट, आसनांमागील पोलादी कमानी, आसनपट्टे बांधण्याच्या जागा, ही सगळी योजना दार नसतानाही गाडी चालावी असे गृहीत धरूनच झाली. हा क्रम ज्याने ध्यानात घेतला नाही, त्याला पुढील कोणत्याही गोष्टीचा उलगडा होणार नाही.

आता ती बिजागरी जवळून पाहू. रँग्लरच्या बिजागऱ्या बाहेरून उघड्या दिसतात. प्रत्येकीची एक पट्टी पुढील खांबाला आणि दुसरी दाराला बोल्टांनी आवळलेली असते. पिन एका पट्टीत पक्की बसवलेली असते, दुसरीच्या नळीत ती नुसती सरकवलेली असते, आणि दार वर उचलले की ती त्या नळीतून सुटते. खड्ड्यात गाडी आदळली असता दाराने आपण होऊन उडी घेऊ नये यासाठी पिनेशी एक स्क्रू असतो. तो आधी काढावा लागतो. त्यानंतर दार किती उघडावे याची मर्यादा घालणारा पट्टा सोडवावा लागतो, काचेच्या आणि कुलपाच्या तारांचा जोड उपटावा लागतो, आणि मग दार सरळ वर उचलावे लागते. २०१७ च्या अखेरीस आलेल्या रँग्लरमध्ये तर दारे आणि बिजागऱ्या ॲल्युमिनियमच्या केल्या, म्हणजे उचलणाऱ्याचा भार हलका झाला, आणि कोणत्या मापाचा पाना लावावा ते बिजागरीवरच कोरून ठेवले. दार काढण्याची क्रिया ही त्या गाडीच्या रचनेचाच भाग आहे, मागाहून सुचलेली युक्ती नव्हे, याचा याहून बोलका पुरावा नको.

यानंतरचा समज असा की बिजागरीचे काम दाराचे वजन पेलणे एवढेच. घराच्या दाराच्या बाबतीत हे खरे असेल. मोटारीच्या बाबतीत वजन पेलणे हे तिचे सर्वांत सोपे काम होय. १९५० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी मोटार-अपघातांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा असे दिसून आले की आघाताने दार उघडून माणूस बाहेर फेकला जाणे हे मृत्यूचे एक ठळक कारण आहे. त्याचा परिणाम म्हणून १९५६ च्या फोर्ड गाड्यांत आघात सोसूनही न उघडणारी लॅच देण्यात आली, आणि १९६८ पासून अमेरिकेत दाराची लॅच व बिजागरी यांसाठी २०६ क्रमांकाचे संघीय सुरक्षा-मानक अमलात आले. त्या मानकाच्या आजच्या तरतुदीनुसार दाराच्या बिजागऱ्यांनी गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन आणि आडव्या दिशेने ९,००० न्यूटन ओढ सोसून जागा सोडता कामा नये; ११,००० न्यूटन म्हणजे सुमारे ११०० किलो वजनाचा ताण. दाराचे वजन याच्या पासंगालाही पुरत नाही. बिजागरीचा कान कापणारा मनुष्य नेमके हेच बळ कापून टाकीत असतो, आणि रोजच्या वापरात दार अगदी सुरळीत उघडते-मिटते, त्यामुळे आपण काय गमावले हे त्याला अपघाताच्या क्षणापर्यंत कळत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो वरकरणी बिनतोड वाटतो : याच मानकातून सहज काढता-घालता येणाऱ्या दारांना सूट आहे, मग आमच्या गाडीच्या दारांना का नसावी? सूट आहे हे खरे. परंतु ती दारांवाचून चालविण्यासाठीच निर्मिलेल्या वाहनांच्या दारांना आहे, आणि निर्मिती हा शब्द तेथे कारखान्याला लागू आहे, गॅरेजला नव्हे. उलट गाडीत बसवलेले सुरक्षेचे साधन जाणूनबुजून निकामी करण्यास अमेरिकेचा संघीय कायदा कारखानदार, विक्रेता आणि दुरुस्ती करणारा व्यावसायिक या तिघांनाही मनाई करतो. खुद्द मालक त्या कलमाच्या कक्षेत येत नाही, आणि बहुधा म्हणूनच असले काम आपल्याच अंगणात, आपल्याच हाताने करण्याची हौस तेथे फोफावली.

या हौशीचा ठळक बळी म्हणजे १९८४ ते २००१ या काळात विकली गेलेली चेरोकी. तिच्यावर जीप हे नाव असल्यामुळे ती रँग्लरचीच बहीण असावी असे वाटते. पण ती स्वतंत्र चौकटीवर बसवलेली गाडी नसून तिचा सांगाडा आणि पत्रा एकजीव आहे, आणि तिची दारे रोज काढण्याच्या हेतूने दिलेली नाहीत. अशा गाडीची बिजागरी उचलती करावयाची तर वरची आणि खालची पिन एकाच सरळ रेषेत यावी लागते. केसभर फरक पडला तरी दार अडते, बुश झिजतात आणि लॅच आपल्या कडीवर नीट बसत नाही. दोन्ही पिना एकदम नळीत घालणे एकट्या माणसाला अशक्यप्राय असते, म्हणून जाणते कारागीर एक पिन थोडी आखूड करतात, म्हणजे लांब पिन आधी बसून वाट दाखवते. युक्ती हुशारीची आहे. परंतु वर उचलणाऱ्या झटक्याला अटकाव करणारा स्क्रू तेथे मुळात नसतो, आणि त्याची तजवीज पुष्कळदा केलीच जात नाही.

वेल्डिंगने नवी बिजागरी जोडणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अलीकडच्या गाड्यांच्या खांबांत जे अतिबळकट पोलाद वापरतात त्याचे बळ कारखान्यात तापवून एकदम थंड करण्याच्या प्रक्रियेतून आलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते त्या जागी मऊ पडते, आणि पत्र्यावरील जस्ताचा थर जळून गंज आत शिरतो. पिन जाड केली म्हणजे काम मजबूत झाले, हा समजही त्याच मासल्याचा आहे, कारण तुटते ते पिन नव्हे. तुटते ती पट्टी, किंवा बोल्टाभोवतीचा पत्रा.

दारात आज केवळ काच आणि कुलूप नसते. बाजूच्या धडकेची वर्दी देणारे दाबमापक पुष्कळ गाड्यांत दाराच्या पोकळीत बसवलेले असतात. तारांचा जोड उपटला की हवेच्या पिशव्यांची यंत्रणा बिघाडाचा दिवा लावते. बाजूचा आरसा दाराबरोबर जातो, आणि मागचे वाहन दिसेनासे होते. २०२१ च्या फोर्ड ब्राँकोमध्ये आरसे दारावर न लावता काचेच्या पुढच्या बाजूस अंगावरच लावले आहेत, ते एवढ्याचसाठी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत तर पुढच्या आसनांचे पट्टेच दाराला बांधलेले होते. अशा गाडीचे दार काढणे म्हणजे आसनपट्टाच काढून ठेवणे होय.

दुसऱ्या टोकाचाही एक गैरसमज आहे, तोही दूर झालेला बरा. दारे काढली की गाडी मधोमध वाकेल, असे काही जण भयाने सांगतात. नेहमीच्या चालीत तसे घडत नाही, कारण दार बिजागऱ्यांवर आणि रबरी कडांवर टेकलेले असते आणि गाडीचा दैनंदिन पीळ त्याच्याकडे फारसा जात नाही. दार आपले खरे मोल धडकेच्या वेळी दाखवते : समोरच्या आघाताचा काही भाग पुढील खांबाकडून मधल्या खांबाकडे बंद दारातून जातो, आणि बाजूच्या आघाताला दारातील पोलादी तुळई अडवते, जिच्यासाठी अमेरिकेत १९७३ पासून वेगळे मानक आहे. दाराऐवजी लावतात ती नळ्यांची जाळीची दारे यांपैकी काहीही करू शकत नाहीत. जीपच्या मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेतही दारे काढलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नये, ही सोय केवळ रस्त्याबाहेरील वाटांसाठी आहे, अशी ताकीद दिलेली असते; छायाचित्रे पाहणारे ती वाचीत नाहीत.

भारतात तर प्रश्न याहून सरळ आहे. वाहनाचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या, किंवा अहिल्यानगरच्या लष्करी वाहन-संशोधन केंद्रासारख्या मान्य संस्थेत तपासला जातो तो त्याच्या दारांसकट, आणि मंजुरी मिळते तीही त्याच रूपाला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये, निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीच्या दस्तऐवजात नमूद झालेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्याची मालकाला मुभा नाही, आणि केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या १८२-अ कलमात अशा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. ‘दारे घरी ठेवलेली आहेत, हवी तेव्हा परत लावीन’ हा बचाव कापलेल्या बिजागरीला लागू पडत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीपुढे तो मांडण्याची वेळ तर कोणावरही न येवो.

ज्यांना बिनदाराच्या गाडीचा आनंद हवाच असेल त्यांनी तशी निर्मिलेली गाडी घ्यावी, पुस्तिकेत सांगितल्या क्रमाने दारे उतरवावीत, आसनपट्टा बांधावा, आरशाची सोय करावी, आणि ती गाडी खाजगी वा परवानगी असलेल्या वाटेवरच हाकावी. आणि दुसऱ्या कोणत्याही गाडीच्या बिजागरीला ग्राइंडर लावण्यास कोणी कारागीर तयार झाला, तर त्याला हात लावू देऊ नये.