जिजाऊंच्या माहेरीं एक दिवस

सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघर एकच प्रश्न निघतो, यंदा कोठें जावयाचें? मुलांना समुद्र पाहावयाचा असतो, सुनांना थंड हवेचें ठिकाण हवें असतें, आणि वडील मंडळींच्या मनांत काशी-रामेश्वर घोळत असतें. सर्वांचीं मनें राखतां राखतां सुटी संपून जाते. अथवा एवढा खर्च होतो कीं, पुढील दोन वर्षें प्रवासाचें नांव निघत नाहीं. दूरचा प्रवास करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या गांवावरून शंभर वेळां जाणें-येणें होतें, तें गांव एकदां खालीं उतरून निवांतपणें पाहणारे लोक फार थोडे. आम्हां दुसरबीडकरांच्या बाबतींत असें गांव म्हणजे सिंदखेडराजा.

सिंदखेडराजा हें बुलढाणें जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. आमचें दुसरबीड याच तालुक्यांत मोडतें. नागपुराहून पश्चिमेकडे जाणारा जुना हमरस्ता या गांवांतून जातो, आणि लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचें महाद्वार त्या रस्त्यावरच उभें आहे. गाडीच्या खिडकींतून तें दिसतें, कोणी हात जोडतो, आणि गाडी पुढें निघून जाते. डिसेंबर २०२२ मध्यें समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तेव्हांपासून तर कित्येक प्रवाशांना एवढें ओझरतें दर्शनहि घडत नाहीं.

गेल्या माघांत आमच्या आळींतील पांच घरांनीं मिळून या गांवीं एक संबंध दिवस घालविण्याचें ठरविलें. लहानथोर मिळून आम्ही तेवीस जण होतों. सर्वांत वडील आजी अठ्याहत्तर वर्षांच्या, आणि सर्वांत धाकटा मुलगा दुसऱ्या इयत्तेंतला. शिदोरीला दशम्या, तिळाची चटणी आणि दहींभात एवढाच बेत होता. नियम दोनच केले होते. प्रत्येक ठिकाणीं पोंचल्यावर पहिलीं पांच मिनिटें कोणीं बोलावयाचें नाहीं, नुसतें पाहावयाचें. आणि हातांतील फोननें छायाचित्र काढण्यापूर्वीं त्या वस्तूविषयीं एक तरी प्रश्न विचारावयाचा. या दोन नियमांचा उपयोग किती झाला, तें पुढील हकीकतीवरून दिसेलच.

दुसरबीड सोडल्यावर राहेरीजवळ खडकपूर्णेचा पूल लागतो. तो ओलांडतांना मुलांना एक कोडें घातलें : किनगांवराजा, देऊळगांवराजा, मेहुणाराजा, आडगांवराजा, सिंदखेडराजा, एवढ्या गांवांच्या नांवांपुढें हा ‘राजा’ कोठून आला? ही सिंदखेडकर राजे जाधवांच्या घराण्याची खूण होय. देवगिरीच्या यादवांशीं आपला वंश जोडणारें हें घराणें निजामशाहींत मोठ्या मनसबीवर चढलें आणि सिंदखेड ही त्याची राजधानी झाली. जी नांवें मुलें रोज गाड्यांच्या पाट्यांवर वाचतात, त्यांत तीनचारशें वर्षांचा इतिहास आहे हें कळल्यावर गाडींतच अर्धी शाळा भरली.

प्रथम नीलकंठेश्वराचें दर्शन घेतलें. हें शिवालय फार जुनें असून लखुजीरावांनीं त्याचा जीर्णोद्धार केला. गांवांतील रामेश्वराचें देऊळ आठव्या ते दहाव्या शतकांतील मानतात. अशा देवळांस आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतों. हेमाद्रि हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकांत होऊन गेला. तेव्हां ही बांधणी त्याच्या पूर्वींचीच, नांव मात्र त्याचें लागलें. या बांधणीचें मर्म चुन्यावांचून दगड बसविण्यांत आहे. प्रत्येक दगड असा घडवावयाचा कीं, तो आपल्याच भारानें खालच्या दगडावर घट्ट बसावा आणि वरच्याचा भार बाजूला न ढळतां सरळ खालीं उतरावा. हें समजून देण्यास आम्हांस फळा लागला नाहीं. एका मुलानें दोन दगडांच्या सांध्यावर बोट फिरवून पाहिलें आणि म्हणाला, “यांत नखसुद्धां शिरत नाहीं!” याहून चांगली व्याख्या कोणत्याहि पुस्तकांत सांपडणार नाहीं.

तेथून राजवाड्यांत गेलों. पौष पौर्णिमा, तारीख १२ जानेवारी १५९८ या दिवशीं येथें जिजाबाईंचा जन्म झाला. वाड्याचा पुष्कळसा भाग पडला आहे; पण महाद्वाराची उंची, जोत्याची लांबीरुंदी आणि तळघरें यांवरून पूर्वींच्या वैभवाची कल्पना येते. आमच्याबरोबरच्या स्त्रियांनीं येथें निराळेंच पाहिलें. पाणी कोठून येत असेल, चुली कोठें असतील, बाळंतिणीची खोली कोणत्या बाजूस असेल, याची त्यांची चर्चा चालली होती. आमच्या मतें वास्तु पाहण्याची ही खरी रीत होय. राजवाडा झाला तरी तें आधीं एक एकत्र कुटुंबाचें घर होतें.

रंगमहालाची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. रंगपंचमीच्या सोहळ्यांत लहानग्या शहाजी आणि जिजा यांनीं एकमेकांवर रंग उधळला, लखुजीराव सहज म्हणाले कीं जोडा शोभतो, आणि मालोजीराव भोसल्यांनीं तो शब्द सभेपुढें पक्का धरला. ही गोष्ट बखरींतली आहे. इतिहास आणि आख्यायिका यांतील भेद मुलांना येथेंच सांगितलेला बरा. पण आख्यायिका टाकाऊ नसते. कोणत्या गोष्टी लोकांना जपून ठेवाव्याशा वाटल्या, हें तिच्यावरून समजतें. याच दोन घराण्यांत पुढें, खंडागळे यांचा हत्ती बिथरल्याचें निमित्त होऊन, तरवारी उपसल्या गेल्या. त्या चकमकींत जाधवांचा दत्ताजी आणि भोसल्यांचा संभाजी असे दोन तरुण पडले. एक जिजाबाईंचा सख्खा भाऊ, आणि दुसरा चुलतसासऱ्याचा मुलगा. माहेर आणि सासर यांच्यामध्यें सांपडलेल्या मुलीची अवस्था काय होते, हें आमच्या मंडळींतील सासुरवाशिणींना सांगावें लागलें नाहीं.

दुपारचें जेवण मोती तलावाच्या काठीं केलें. सिंदखेडची खरी कला पाहावयाची असेल तर ती पाण्याच्या कामांत पाहावी असें आमचें मत झालें. मोती तलावाची भक्कम दगडी भिंत, मध्यभागीं इमारत असलेला चांदणी तलाव, नीलकंठेश्वरासमोरची तळापर्यंत पायऱ्या असलेली चौकोनी बारव, आणि भिंतींत कोरलेल्या पुतळ्यांवरून नांव पडलेली पुतळा बारव, एवढ्या एका लहान गांवांत पाण्यासाठीं किती बुद्धि आणि किती द्रव्य वेंचलें आहे! आपल्या धर्मशास्त्रांत पुण्यकर्मांचे दोन भाग सांगितले आहेत. यज्ञयागादि तें इष्ट; आणि विहिरी, तळीं, देवळें, बागा अशीं लोकोपयोगी कामें तें पूर्त. दोहोंचा मिळून इष्टापूर्त असा एकच शब्द झाला, कारण एकावांचून दुसरें अपुरें. आपण पहिला भाग बराचसा सांभाळला आणि दुसरा सरकारवर सोंपविला.

बारवेची रचना मुलांनीं नीट पाहावी. साध्या विहिरींत पाणी खालीं गेलें कीं दोर वाढवावा लागतो. बारवेंत माणूसच पाण्यापर्यंत उतरतो. चारी बाजूंची माती आंत ढासळूं नये म्हणून भिंत पायरीपायरीनें मागें घेतलेली असते, म्हणजे जी सोय तोच आधार. उन्हाळ्यांत खालच्या पायऱ्यांवर गारवा असतो, म्हणून वाटसरू तेथें विसांवत. आणि जेथें रोज बायकांची ये-जा, तेथेंच शिल्पकारानें आपलें उत्तम काम केलें. कला पाहावयास निराळें घर बांधावें लागलें नाहीं. आमच्या आजीबाई बारवेच्या पायरीवर बसून म्हणाल्या, “आमच्या माहेरीं चैत्रांत पाणी किती पायऱ्या उतरलें तें पाहून पुढचे दोन महिने कसे जातील हें सासूबायका ठरवीत.” मुलांनीं लगेच पायऱ्या मोजावयास सुरुवात केली.

ऊन उतरल्यावर लखुजीरावांच्या समाधीकडे गेलों. ही घुमटाची भव्य वास्तु आहे. हिंदु सरदाराची समाधि, पण घडण दख्खनच्या सुलतानी इमारतींची; तत्कालीन गवंड्यांना दोन्ही रीती सारख्याच अवगत होत्या. ही समाधि मात्र सुखाच्या मरणाची नव्हे. ता. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादेच्या किल्ल्यांत निजामशहाच्या दरबारीं लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी, आणि नातू यशवंतराव यांची दग्यानें हत्या झाली. ज्या दरबाराची सेवा केली त्याच दरबारांत एका घराच्या तीन पिढ्या एका दिवशीं कापल्या गेल्या.

हें सांगून होतांच आमच्यांतील सहावींतल्या एका मुलीनें विचारलें, “मग जिजाबाईंना हें कोणीं सांगितलें असेल? आणि त्या वेळीं त्या कशा असतील?” कोणींच उत्तर दिलें नाहीं. शेवटीं तिलाच हिशेब करावयास लावलें. शिवाजीमहाराजांचा जन्म शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० चा. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत महिने मोजले, ते सात भरले नाहींत. म्हणजे वडील, दोन भाऊ आणि भाचा गेल्याची वार्ता आली तेव्हां तें बाळ आईच्या पोटांत होतें. हीं दोन सालें शाळेच्या पुस्तकांत निरनिराळ्या धड्यांत येतात. समाधीपाशीं उभें राहिलें म्हणजे तीं एकाच घरचीं आहेत हें ध्यानांत येतें. पुढें ६ जून १६७४ रोजीं पुत्राचा राज्याभिषेक त्या माउलीनें डोळ्यांनीं पाहिला, आणि अकरा दिवसांनीं, १७ जून रोजीं, रायगडाच्या पायथ्याशीं पांचाड येथें देह ठेविला. त्या मुलीच्या प्रश्नासाठींच हा सारा दिवस होता असें आम्हांस वाटलें.

याच समाधीच्या दुरुस्तीचें काम चालू असतांना सन २०२४ मध्यें केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांना एका जुन्या देवळाचा पाया लागला. पुढें खोदतां खोदतां सुमारें सव्वादोन मीटर खोलीवर लक्ष्मीची आकृति दिसूं लागली, आणि मग शेषशायी विष्णूची संपूर्ण मूर्ति बाहेर आली. ती १.७० मीटर लांब आणि १ मीटर उंच आहे. विष्णु शेषावर पहुडलेला, लक्ष्मी पाय चुरीत आहे, आणि पट्टीवर समुद्रमंथनाचा देखावा असून त्यांत अश्व, ऐरावत हीं रत्नें ओळखूं येतात. विशेष हा कीं, मूर्तीचा दगड क्लोराइट शिस्ट जातीचा आहे. आपल्या भागांत सर्वत्र काळा कठीण बसाल्ट, आणि इकडील मूर्ति सामान्यतः त्याच्याच; हा मऊ, बारीक कोरणीस सोयीचा दगड दक्षिणेकडील, होयसळांच्या शिल्पांत आढळणारा. तेव्हां एके काळीं या गांवाचा संबंध किती दूरवर असला पाहिजे! ज्या मातीवर पिढ्यान् पिढ्या पावलें पडलीं, तिच्याखालीं क्षीरसागर होता.

अशा मूर्तीचें स्थान सिंदखेडांतच असावें असें आमचें स्पष्ट मत आहे. मोठ्या शहरांतील संग्रहालयांत ती शेंकडों मूर्तींपैकीं एक होते. आपल्या गांवीं ती त्या गांवाचा इतिहास सांगते. मात्र हा हक्क सांगणाऱ्यांवर तितकेंच कर्तव्यहि येतें. जेथें बारवेंत कचरा टाकतात, देवळाच्या खांबावर नांवें कोरतात, आणि १२ जानेवारीची गर्दी ओसरल्यावर वर्षभर कोणी फिरकत नाहीं, तेथें मूर्ति ठेवा म्हणून मागण्यास तोंड उरत नाहीं. जवळपासच्या गांवांतील कुटुंबांनीं वर्षांतून एकदां जरी येथें येऊन दिवस घालविला, तरी पाहणाऱ्यांच्या डोळ्यांचा धाक वस्तूंस राखील.

ज्यांना अशी सहल काढावयाची असेल त्यांच्यासाठीं अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. माघ-फाल्गुनांतील दिवस निवडावा; ऊन सोसतें आणि तळ्यांत पाणी असतें. सकाळीं देवळें व वाडा, दुपारीं तळ्याचा काठ, आणि समाधि शेवटीं, असा क्रम ठेवावा. एकानें आदल्या आठवड्यांत वाचून तयार राहावें, पण विचारल्यावांचून फार बोलूं नये. प्रत्येक मुलानें एका तरी शिल्पाचें चित्र वहींत काढावें, कारण हातानें रेखाटल्यावर डोळा जें पाहतो तें फोनवर टिपून दिसत नाहीं. म्हाताऱ्या मंडळींना घरीं ठेवून जाऊं नये. पायऱ्या उतरतां आल्या नाहींत तरी काठावर बसून त्यांना जें आठवतें, तें दुसरें कोणी सांगूं शकत नाहीं.

प्रत्येक जिल्ह्यांत असें एखादें गांव असतेंच. आमच्या वाचकांनीं आपल्या घरापासून तासाभराच्या वाटेवरचें तें शोधून काढावें आणि येत्या सुटींतील एक दिवस त्यासाठीं राखून ठेवावा, इतकें सुचवून हा लेख पुरा करितों.